दुपारचा कोंबडा

कोंबडा आरवला तो भर दुपारी, आणि तोही चंद्रभानच्याच काखेतल्या पिशवीतून. वर्ध्याच्या स्टँडवर रविवारची पेंगुळलेली गर्दी होती. कुणी शेंगा सोलत होतं, कुणी आर्वीच्या गाडीच्या नावाने बोटं मोडत होतं. आरवणं ऐकून दोन पोरी फिदीफिदी हसल्या, बाकावरची एक म्हातारी म्हणाली, "पाह्य वो माय, याले आता सकाय झाली," आणि जो तो पुन्हा आपापल्या कामाला लागला. चंद्रभान मात्र जागच्या जागी उभा राहिला. त्याच्या ओठांवर नुकताच म्हटलेला 'नाही' अजून ओला होता. तो कितवा, हे त्याने मोजलं नव्हतं. पण लहानपणी रविवारच्या शाळेत चटईवर बसलेल्या माणसाला हा हिशेब वेगळा करावा लागत नाही. कोंबडा आरवला म्हणजे तीन झाले. त्याच्या कानशिलांतून गरम वाफ निघाली आणि मग, एवढ्या मोठ्या फजितीतही, त्याला आतून हसू फुटायला लागलं, कारण कोंबडा पिशवीबाहेर मान काढून त्याच्याकडे एका डोळ्याने बघत होता, आणि त्या डोळ्यात अजिबात भक्तिभाव नव्हता.

रविवारच्या शाळेच्या भिंतीवर एक जुनं चित्र होतं. येशूच्या त्या कोळी शिष्याचं. गुरूला पकडून नेलं तेव्हा हा मागोमाग आवारापर्यंत गेला, शेकोटीपाशी बसला, आणि लोकांनी 'तूही त्याच्याबरोबरचाच ना' म्हणून विचारलं तर तीनदा म्हणाला, मी त्या माणसाला ओळखत नाही. मग कोंबडा आरवला आणि हा बाहेर जाऊन रडला. चित्र काढणाऱ्याला कोंबडे फार आवडत असावेत, कारण भिंतीवरचा कोंबडा शिष्यापेक्षा मोठा आणि कितीतरी देखणा होता. आठ वर्षांचा चंद्रभान ते चित्र पाहून खुदखुदला होता. त्याचे वडील शमुवेलजी दवाखान्यात कंपाउंडर होते, हाताला कायम स्पिरिटचा वास. त्यांनी संध्याकाळी विचारलं, "काऊन हासत होता बे?" तो म्हणाला, "बाबा, एवढा मोठा मानूस कोंबड्याले भेला!" बाबा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. नखं कापता कापता म्हणाले, "कोंबडा तं रोजच आरवते बापू. आपल्याले आयकू येनं, हे मोठं काम हाये." त्यानंतर चंद्रभानने आयुष्यात हजारो कोंबडे ऐकले असतील. केळझरला ताईच्या घरी तर पहाटे त्यांचा उच्छादच असे. पण ऐकू आला तो हा. आणि हा त्याने स्वतःच्या तोंडाने स्वतःच्या गळ्यात मारून घेतलेला.

त्याचं असं झालं. आज कापणीचा सण होता. त्यांच्या छोट्याशा ख्रिस्ती मंडळीत दर वर्षी दिवाळीनंतरच्या एका रविवारी लोक आपापल्या शेतातलं, परसातलं पहिलं काही घेऊन देवळात येतात; वांगी, तुरीच्या शेंगा, कोहळी, पहिल्या वेचणीचा कापूस, अंडी. उपासना संपली की कडुलिंबाखाली टेबल मांडून त्याचा लिलाव. आणि लिलाव पुकारायचा तो चंद्रभानने, हे ठरलेलं. स्टँडवरचा वाहतूक नियंत्रक तो; गाड्या पुकारून पुकारून त्याच्या गळ्यात असा काही घाट आला होता की 'ही कोथिंबीर' म्हटलं तरी ती फलाटाला लागल्यासारखी वाटायची. इथला रिवाज मोठा गमतीचा. घेणारा वस्तू घरी नेत नाही, 'देवाले परत' म्हणून पुन्हा टेबलावर ठेवतो, आणि ती पुन्हा पुकारली जाते. एकच कोहळं दुपारपर्यंत चार घरांचं होतं आणि शेवटच्या घेणाऱ्याबरोबरच काय ते घरी जातं. फक्त कोंबड्याचा नियम वेगळा. मुका जीव पाय बांधून उन्हात ठेवू नये म्हणून त्याची बोली एकदाच, आणि शेवटची बोली ज्याची त्याने तो घरी न्यायचाच. आता चंद्रभानला एक खोड होती. बोली थंडावली की तो पुकारता पुकारता स्वतःच एक बोली टाकून हवा भरायचा. समोरून पुंडलिकराव, मंडळीतले जुनेजाणते, हटकून वर चढायचे. इतकी वर्षं ही जुगलबंदी बिनचूक चालली होती. यंदा कोंबड्याच्या बोलीला चंद्रभानने हवा भरली आणि पुंडलिकराव मिशीत हसत गप्प बसले. त्याने एकदा पुकारलं, दोनदा पुकारलं, डोळ्यांनी विनवण्या केल्या. पुंडलिकराव लिंबाच्या शेंड्याकडे पाहत राहिले. शेवटी चंद्रभानला स्वतःच्याच नावाने टेबल ठोकावं लागलं, आणि अख्खी मंडळी पोट धरधरून हसली. तोही हसला. सकाळपासून तो खुशीतच होता.

खुशीचं कारण कोंबडा नव्हतं. उपासनेत नव्या पाळकसाहेबांनी त्याचं नाव घेतलं होतं. पाळकसाहेब तरुण, बोलायचे घाईघाईने, पण बोलायचे बरं. "येशूने 'माझ्यामागे या' म्हटल्यावर शिष्य उठले," ते म्हणाले होते, "कुठे, ते विचारलं नाही. परतीची गाडी केव्हा, तेही विचारलं नाही." परतीची गाडी म्हटल्यावर लोकांनी वळून चंद्रभानकडे पाहिलं आणि त्याने साहेबाच्या थाटात मान डोलावली. मग पाळकसाहेब म्हणाले, ज्यांना त्याच्यामागे जायचं आहे त्यांनी उभं राहावं. सगळे उठले. चंद्रभानही उठला. असा तो आयुष्यात कितीदा तरी उठला होता. सगळं देऊळ उभं असताना बसून राहायला फार धैर्य लागतं. आणि शेवटी जाहीर झालं की मंडळीच्या नव्या दयासेवेचे प्रमुख म्हणून चंद्रभान शमुवेल सोनटक्के यांना नेमलं आहे. सावंगीच्या मोठ्या इस्पितळात जाऊन आजाऱ्यांना भेटणं, एकट्यादुकट्याची विचारपूस, असलं काम. टाळ्या झाल्या. रूपाली असती तर तिने कोपर मारून म्हटलं असतं, 'फुगू नका जास्त.' पण ती लेकीकडे नागपूरला गेली होती, त्यामुळे तो मनसोक्त फुगला. पांढरा सदरा, कडक इस्त्री, काखेत कोंबडा, अशा थाटात दयासेवेचे प्रमुख स्टँडवर आले, ते कोंबडा नागपूरच्या गाडीत ओळखीच्या ड्रायव्हरच्या हवाली करून केळझरला भागीरथाताईकडे पाठवून द्यावा म्हणून. घरात कोंबडा पाहून रूपालीने त्याला उभं केलं नसतं. कोंबड्याला की नवऱ्याला, ते सांगवत नाही.

फलाटाशी गाडी लागलेली होती. तेवढ्यात मागून आवाज आला, "चंद्रभान! अबे चंद्रभान!" बाकाच्या पायाशी, भिंतीला टेकून, बंडूजी बसलेले. बंडूजी म्हणजे ड्रायव्हर बंडूजी; चंद्रभान कंडक्टर होता तेव्हा तीन वर्षं एकाच गाडीवर दोघं. निवृत्त झाले, बायको गेली, आणि मग कुणी म्हणायचं पोराकडे आहेत, कुणी म्हणायचं कुठेच नाहीत. जिल्ह्यात दारूबंदी आहे म्हणतात. बंडूजींच्या अंगाला येणाऱ्या वासाला ते कुणी कळवलेलं दिसत नव्हतं. पायात एकच चप्पल. पँट ओली, आणि ती पाण्याने नव्हे. चंद्रभानचं पाऊल त्यांच्याकडे निघालंच होतं, इतक्यात आलूबोंड्याच्या गाडीवरून वच्छलाबाई म्हणाली, "सायेब, हे तुमच्या संगचे होते ना? तुमी दोघं इथंच च्या पेत होते पयले." तिने काही वाईट मनाने विचारलं नव्हतं. पण आजूबाजूच्या माना वळल्या, आणि चंद्रभानच्या तोंडून, कुठून कोण जाणे, लाउडस्पीकरची स्वच्छ मराठी निघाली, "माझ्याबरोबर? नाही हो, काहीतरी चूक होते आहे." तेवढ्यात स्टँडवरचा पोलीस आला. त्याने काठी बाकावर आपटली आणि पांढऱ्या सदऱ्याकडे पाहून अदबीने विचारलं, "तुमच्या ओळखीचा हाये का सायेब हा?" चंद्रभान म्हणाला, "नाही." हा दुसरा अगदी सोपा गेला. पोलिसाने बंडूजींनाही विचारलं, "काबे, तू ओळखतं यायले?" बंडूजींनी लाल डोळ्यांनी चंद्रभानकडे पाहिलं, सावकाश मान हलवली आणि म्हणाले, "नाई बा. मी नाई ओळखत या बाबूले." मग डोळे मिटून घेतले. चला, चंद्रभानला वाटलं, शुद्धच नाही म्हाताऱ्याला, सुटलो. आणि वळतो तर समोर पुंडलिकराव, आर्वीच्या गाडीसाठी आलेले, हातात लिलावातली वांगी. "चंद्रभानजी," ते हळूच म्हणाले, "मघाशी तो तुमचंच नाव घेऊन राह्यला होता ना?" "चंद्रभान नावाचे काय कमी आहेत का जिल्ह्यात," चंद्रभान म्हणाला. "मी नाही ओळखत त्यांना." तेव्हा पिशवीतून आवाज निघाला.

नागपूरच्या गाडीचा ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "आना ना सायेब कोंबडा, निघून राह्यलो!" चंद्रभानने ऐकलं, पण पाय हलेनात. त्याला पायांखाली फलाट नव्हे, वडनेरची ओली माती लागत होती. तीस वर्षांपूर्वीची सकाळ. त्यांची मुक्कामी गाडी वडनेरला उभी असायची, रात्री तिथेच गाडीत झोपायचं आणि सकाळी पहिली फेरी घेऊन निघायचं. चंद्रभान नोकरीत नवा, अंगावरची खाकी अजून खळ लावल्यासारखी ताठ. आदल्या दिवशी हिंगणघाटला कुठल्याशा गाडीवर काय खाल्लं देव जाणे. उजाडता उजाडता पोटात असं काही उठलं की सीटवरून खाली उतरेपर्यंतही धीर निघाला नाही. खाकी पँट, पाय, गाडीची पायरी, सगळं. अंगात उभं राहायचं त्राण नव्हतं आणि लाज तर इतकी की मेलेलं बरं. बंडूजी उठले. त्याला धरून हापशावर नेलं, लहान लेकराला धुवावं तसं धुतलं, स्वतःची लुंगी नेसवली, त्याची पँट दगडावर खळाखळा धुऊन पिळून इंजिनाच्या बॉनेटवर पसरली आणि इंजिन सुरू करून ठेवलं. लोक जमले. पहिल्या फेरीला बाजाराची गर्दी असायची. "काऊन हो, गाडी काऊन नाई निघून राह्यली?" बंडूजी बॉनेटसमोर छाती काढून उभे, "गाडी गरम झाली बाप्पा. थंडी होऊ द्या." इंजिन तापवत पँट वाळवणारा हा माणूस लोकांना निर्विकार चेहऱ्याने गाडी थंड करतो म्हणून सांगत होता! आणि सीटखाली लुंगीत गुंडाळलेला चंद्रभान, पोटात कळा येत असतानाही, तोंडात रुमाल कोंबून हसत होता. एरवी डेपोत असल्या गोष्टीवर माणसाला आयुष्यभर नाव पडतं. बंडूजींनी ती गोष्ट कुणालाच सांगितली नाही. चंद्रभानलासुद्धा पुन्हा कधी सांगितली नाही.

बंडूजींच्या हातांचा तेव्हाचा स्पर्श त्याला अजून पाठीवर आठवत होता. डिझेलचा वास असलेले खरखरीत हात. त्यांनी कुठे विचारलं होतं, हा कोणत्या देवळात जातो, याची समिती कोणती? सकाळी टाळ्या घेताना आपण काय समजलो होतो? दया म्हणजे सावंगीला जाऊन, पांढऱ्या चादरीवरच्या, औषधाचा वास येणाऱ्या, आपलं नाव न घेणाऱ्या माणसाला संत्री देणं? परतीच्या गाडीने घरी येणं? त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली, आणि लाजेच्या खाली, चक्क, आनंद वाटत होता. कारण तो शिष्यही रडल्यावर तसाच राहिला नव्हता; पुढे तळ्याकाठी गुरूने त्याला 'माझ्यावर प्रेम करतोस ना' असं तीनदा विचारून पुन्हा हाक दिली होती. भिंतीवर त्याचं चित्र नव्हतं, पण गोष्ट बाबांनी पुरी सांगितली होती. म्हणजे गाडी सुटलेली नव्हती. पोलीस बंडूजींच्या बगलेत हात घालून त्यांना उठवत होता. आता पुढे होऊन त्याच्या कानात हळूच म्हणता आलं असतं, 'सायेब, तसा ओळखीचाच आहे.' झाकली मूठ राहिली असती. पण 'नाही' चारचौघांत म्हणायचं आणि 'हो' कानात सांगायचं, हे काही चंद्रभानला पटेना. त्यातून तोंडाने शब्द धड फुटेल याचा भरवसा नव्हता. जगात एकच जागा अशी होती जिथे त्याचा आवाज कधीही, बाबा वारले त्या दिवशीसुद्धा, कापला नव्हता. तो तिकडे चालू लागला.

चौकशीच्या खोलीत वर्षाली बसली होती, नवी नियंत्रक, मोठी चुणचुणीत पोरगी. "सर, आज सुट्टी ना तुमची? अन् हे काय, कोंबडा?" चंद्रभानने पिशवी तिच्या टेबलावर ठेवली, माइक ओढला, सवयीने त्यावर टिचकी मारली. मग साऱ्या स्टँडवर, पत्र्यांवर, पार रस्त्यापलीकडच्या रसवंतीपर्यंत तो ओळखीचा घाटदार आवाज गेला. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. फलाट क्रमांक तीनवर बाकाजवळ बसलेले श्री. बंडूजी, निवृत्त चालक, हे माझ्या ओळखीचे आहेत. बोलतो आहे चंद्रभान शमुवेल सोनटक्के, वाहतूक नियंत्रक. थोड्या वेळापूर्वी मी त्यांना ओळखत नाही असे तीन वेळा सांगितले. ते खोटे होते. ते माझे दोस्त आहेत." इथे तो थांबला. वर्षालीने तोंडावर हात धरला होता. पुढचं नेहमीचं वाक्य 'कृपया नोंद घ्यावी' असं होतं, पण ते आलंच नाही. "बंडूजी," तो म्हणाला, आणि आता मात्र आवाज कापला, लाउडस्पीकरवर कापला, "तुमी तिथंच थांबा. मी येऊन राह्यलो." आणि मग सवय कुठली जाते, "धन्यवाद!"

स्टँडवर शेंगा सोलणारे हात थांबले. मग बाकावरच्या म्हातारीने शेजारणीला विचारलं, "हे बंडूजी गाडी हिंगनघाटले जाते का वो?" आणि एकच हशा उसळला. चंद्रभान त्या हशातून पिशवी सांभाळत चालत आला. इतक्या लोकांच्या नजरा आयुष्यात कधी त्याच्यावर नव्हत्या, आणि गंमत अशी की आता त्यांचं काही वजनच वाटत नव्हतं. पोलिसाने काठी काखेत घातली. "न्या बावा तुमचा दोस्त," तो म्हणाला, "पन पयले आंघोय घाला त्यायले." वच्छलाबाईने गाडीखालून एक जुनं पोतं काढून दिलं, ऑटोत अंथरायला. चंद्रभान वाकून बंडूजींच्या बगलेत हात घालू लागला, पण काखेतला कोंबडा काही वाकू देईना. तेव्हा पुंडलिकराव पुढे आले. वांग्यांची पिशवी त्यांनी बाकावर ठेवली. त्यांची आर्वीची गाडी मागे हॉर्न देत होती. "द्या," ते म्हणाले, "कोंबडा मी धरतो. सकायीच धरायले पाह्यजे होता." त्यांनी कोंबडा धरला, दुसऱ्या हाताने बंडूजींचा दंडही धरला, आणि ऑटोपर्यंत सोबत आले. आर्वीची गाडी गेली. ती पुंडलिकरावांना घेण्यासाठी काही थांबली नाही, आणि पुंडलिकरावांनीही तिच्याकडे वळून पाहिलं नाही.

ऑटोत बंडूजी चंद्रभानच्या पांढऱ्या खांद्यावर मान टाकून बसले. वास असा होता की ऑटोवाला मान बाहेर काढून चालवत होता. पुलाजवळ बंडूजींनी डोळे न उघडता विचारलं, "चंद्रभान, तू मले ओळखतं का?" "ओळखतो," चंद्रभान म्हणाला. चौकात सिग्नलला थांबले तर पुन्हा, "चंद्रभान, ओळखतं ना मले?" "ओळखतो ना, बंडूजी. नाई कसा ओळखन?" प्यालेल्या माणसाचं ते घोकणं, त्यात विशेष काय, असं कुणी म्हणेल. घरी पोचल्यावर चंद्रभानने बादलीत रॉड लावून पाणी तापवलं, न्हाणीत पाट मांडला, त्यांना बसवलं आणि सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. मग त्याच्या लक्षात आलं की बाह्या वर करून भागण्यासारखं हे काम नाही, आणि त्याने त्या तशाच भिजू दिल्या. पाठीवरून साबणाचा हात फिरवताना बरगड्या बोटांना लागत होत्या. टाचांच्या भेगांत स्टँडची सगळी धूळ बसली होती. एकेकाळी ब्रेकवर दणकन पडणारा तो पाय आता हातात घेतला तर लहान पोराच्या पायाएवढाच जड लागला. तेव्हा बंडूजींनी तिसऱ्यांदा विचारलं, "खरं सांग बे. ओळखतं का मले?" चंद्रभानला वाईट वाटलं. दोनदा सांगूनही यांचा विश्वास नाही म्हणून, आणि विश्वास का नाही ते ठाऊक असल्यामुळे जास्तच. "बंडूजी," तो तांब्या ओतत म्हणाला, "तुमाले मह्यं सारं ठाऊक हाये. वडनेरचंबी ठाऊक हाये. ओळखतो म्हनजे ओळखतो."  गरम पाण्याला बंडूजींनी एक मोठा, तृप्त सुस्कारा सोडला.

चंद्रभानची दुसरी चांगली पँट घालून ते संध्याकाळपर्यंत झोपले. त्यांची धुतलेली पँट अंगणातल्या दोरीवर घालावी, तर दोरीवर कोंबडा चढून बसलेला आणि काही केल्या उतरेना. शेवटी चंद्रभानने ती उन्हात उभ्या असलेल्या स्कूटरवर, सीटपासून हँडलपर्यंत पसरून टाकली. मग वांग्यांचं भरीत करायला घेतलं. वांगी पुंडलिकरावांची, जाताना त्यांनी ऑटोत ठेवली होती. कोंबड्याला तांदूळ टाकले. उद्याचं परवाचं त्याला काही सुचत नव्हतं. हे राहतील का, राहिले तर पितील का, मंडळी काय म्हणेल, रूपाली काय म्हणेल. परतीची गाडी केव्हा, ते विचारायचं नाही, हे सकाळी देवळात उभं राहून कबूल केलेलं होतं, पण तेव्हा ते बंडूजींच्या रूपात घरी येईल अशी कल्पना नव्हती. तरीही तो स्वयंपाकघरात चक्क गुणगुणत होता.

दिवेलागणीला बंडूजी उठले. डोळे निवळले होते. अंगणातल्या खाटेवर बसून त्यांनी काळा चहा दोन्ही हातांनी धरला. त्यांनी दोरीवरच्या कोंबड्याकडे पाहिलं. "चंद्रभान," ते म्हणाले.

"हं."

"ते वच्छलाबाई तुले इचारून राह्यली होती ना, तवा मी शुद्धीत होतो."

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या चंद्रभानच्या हातातली कालथी तशीच राहिली.

"तू नाई म्हनला, ते आयकलं मी. म्हटलं, पोरगं आज पांढऱ्या कपड्यात हाये, सन असन त्याच्या देवाचा. कायले अडचनीत टाकाचं त्याले. म्हनून मंग पोलिसाले मीबी सांगतलं, मी नाई ओळखत या बाबूले." त्यांनी चहाचा घोट घेतला. "अन् डोये मिटून घेतले. तुह्याकडं पाह्यलं असतं तं रडू आलं असतं मले."

चंद्रभानने कालथी खाली ठेवली. तो त्यांच्या पायाशी जमिनीवरच बसला आणि मोकळेपणाने रडला. सकाळी ज्याला दयासेवेचा प्रमुख नेमलं होतं, त्याच्यावर दुपारी भर स्टँडवर, ओल्या पँटीत बसून, डोळे मिटून कुणी दया केली होती, आणि त्याचा त्याला पत्ताही नव्हता. बंडूजींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हात अजून खरखरीत होता. "उठ बे," ते म्हणाले, "भरीत करपून राह्यलं."

फाटक वाजलं. रूपाली नागपूरहून आली होती, हातात दोन पिशव्या, खांद्यावर पर्स. अंगणातच ती थांबली. तिने दोरीवरचा कोंबडा पाहिला. खाटेवर नवऱ्याची इस्त्रीची पँट घालून बसलेला माणूस पाहिला. नवऱ्याचा भिजून पार पोतेरं झालेला सणाचा सदरा पाहिला. आणि शेवटी तिची नजर स्कूटरवर गेली.

"अवो," ती म्हणाली, "स्कूटरवर पँट काऊन वाळून राह्यली? कोनाची हाये ते?"

चंद्रभानने डोळे पुसत तोंड उघडलं, पण बंडूजी त्याच्याआधी ताठ झाले. कप खाली ठेवून, छाती काढून, तीस वर्षांपूर्वीच्याच निर्विकार चेहऱ्याने ते म्हणाले,

"गाडी गरम झाली बाई. थंडी होऊ द्या."